साखर-कोंड्याचा वॉश तिसऱ्या दिवशी थंड पडतो तेव्हा

वॉश म्हणजे दारू गाळण्याआधीचं, यीस्ट घालून आंबत ठेवलेलं साखरपाणी. पहिल्या रात्री त्याची बादली नुसती खदखदत असते. कोंड्याचा जाड थर वर येतो, मधूनच फुटतो, एअरलॉकची, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या झाकणावरच्या नळीची, टिकटिक शेजारच्या खोलीत ऐकू येते. दुसरा दिवसही तसाच जातो. तिसऱ्या दिवशी सकाळी गराजचं दार उघडावं तर चिडीचूप. कोंडा तळाला बसलाय, वरचं पाणी निवळायला लागलंय, आणि थेंबभर जिभेवर ठेवला तर अजून गोड लागतोय. गोड, आणि त्याहून जास्त आंबट.

मी न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनच्या बाहेर, पावसाच्या टाकीवर चालणाऱ्या घरात राहतो. गेली नऊ वर्षं घरच्यापुरती व्होडका करतो. हा एकच बिघाड मी माझ्या आणि ओळखीच्यांच्या बादल्यांत मिळून वीसेक वेळा तरी दुरुस्त केला असेल. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी कायद्याचं. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःच्या वापरासाठी घरी दारू गाळायला परवानगी आहे, विकायला नाही. भारतात, ऑस्ट्रेलियात, ब्रिटनमध्ये परवान्याशिवाय गाळणं गुन्हा आहे. महाराष्ट्रात तर १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि नुसतं रसायन (आंबवायचं मिश्रण) भिजत घातलेलं सापडलं तरी कारवाई होते. तिकडच्या वाचकांनी हे करू नये. त्यांच्यासाठी यातलं आंबवण्याचं शास्त्र तेवढं उपयोगाचं आहे. मी इथे गाळण्याची पद्धत सांगत नाही, फक्त बादलीतल्या आंबवणाबद्दल बोलतोय.

माझं माप सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कळतील. ५ किलो साखर, ६०० ग्रॅम गव्हाचा कोंडा, ६० ग्रॅम सुकं बेकरी यीस्ट, आणि सगळं मिळून २५ लिटर. कोंड्यावर उकळतं पाणी ओतून तो झाकून ठेवायचा, त्यातच साखर विरघळवायची, मग गार पाणी घालून ३० अंशांच्या आसपास आणायचं आणि यीस्ट सोडायचं. सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता (साखर जास्त तेवढी जास्त; हायड्रोमीटर या तरंगत्या नळीने मोजतात), १.०७७ च्या जवळ येते. नीट चाललं तर तीन-चार दिवसांत ०.९९० ते ०.९९५ वर उतरते आणि साधारण ११ टक्के अल्कोहोल होतं. वेग हीच या पद्धतीची गंमत आणि वेग हेच तिचं दुखणं. यीस्ट एवढ्या झपाट्याने काम करतं की आंबटपणाही तेवढ्याच झपाट्याने वाढतो.

लक्षणं

खालचं काही दिसलं तर पुढचं वाचा:

– ३० ते ६० तासांच्या दरम्यान बुडबुडे अचानक थांबतात, हळूहळू मंदावत नाहीत.
– ग्रॅव्हिटी १.०२० ते १.०५० च्या मध्ये कुठेतरी अडकते आणि १२ तासांनी पुन्हा मोजली तरी तिथेच असते.
– चव गोड आणि दात आंबतील इतकी आंबट.
– कधी कधी कुजक्या अंड्याचा वास.
– नवीन यीस्ट टाकलं तर दोन तास जरा हालचाल, मग पुन्हा शांत.

शेवटचं लक्षण सगळ्यांत महत्त्वाचं आहे. त्याच्याकडे पुढे येतोच.

आधी खात्री करा की तो खरंच थांबलाय

यात खर्च शून्य. एअरलॉक शांत आहे म्हणजे आंबवण थांबलं असं नाही. बादलीच्या झाकणाची रबरी कड जरा वाकडी बसली की सगळा वायू तिथून जातो. झाकण काढा आणि कान लावा. चालू असलेल्या वॉशमधून बारीक सुर्र असा आवाज येतो, सोड्याच्या बाटलीचं बूच सैल केल्यावर येतो तसा. वर कोंड्याच्या तुकड्यांच्या कडेने मोहरीएवढे बुडबुडे उठत असतात. हे दिसलं तर झाकण नीट बसवा आणि उद्यापर्यंत हात लावू नका.

वाकून नाक आत घालू नका मात्र. ५ किलो साखरेतून जवळजवळ अडीच किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. वायू म्हणून मोजला तर तेराशे-चौदाशे लिटर. तो हवेपेक्षा जड असतो, बादलीत आणि खोलीच्या तळाशी साचतो. आधी गराजचं दार उघडा, पाच मिनिटं थांबा, मग बघा.

हायड्रोमीटर

चव हे माप नाही. माझ्याकडे आलेल्या बादल्यांपैकी काही तर थांबलेल्याच नव्हत्या, चुकीच्या मोजल्या होत्या.

कोंड्याचे कण आणि वायूचे बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात, मग ग्रॅव्हिटी खरी असते त्याहून जास्त दिसते. म्हणून नमुना चहाच्या गाळणीतून गाळा, दोन पेल्यांत दहा-बारा वेळा चहासारखा वरखाली ओता, फेस बसू द्या आणि मग मोजा. दुसरी गोष्ट तापमानाची. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांवर मोजायला केलेले असतात. ३२ अंशांचा कोमट वॉश मोजलात तर आकडा साधारण ०.००३ ने कमी दिसतो. नमुना गार होऊ द्या.

आकडा १.००० च्या खाली आला असेल तर तो अडकलेला नाही, संपलेला आहे. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणून आकडा एकच्या खाली जातो. नवख्यांना हे पटत नाही आणि ते तयार वॉशमध्ये उगाच साखर टाकत बसतात.

१.०३५ वर अडकलाय असं समजू. म्हणजे निम्मी साखर अजून शिल्लक आहे आणि अल्कोहोल साडेपाच टक्क्यांच्या आसपास. एवढ्या अल्कोहोलने बेकरी यीस्ट दमत नाही. कारण दुसरं आहे.

तापमान

हेही जवळजवळ फुकट. वायकाटोत, म्हणजे आमच्या भागात, जून-जुलैच्या हिवाळी रात्री गराजची फरशी बर्फासारखी होते. बादली काँक्रीटवर ठेवली की तळातून उष्णता जाते, आणि यीस्ट तळालाच बसलेलं असतं. पहिल्या दोन दिवसांत आंबवणाची स्वतःची ऊब असते म्हणून कळत नाही. जोर ओसरला की एका रात्रीत तापमान ३० वरून १८ वर येतं आणि यीस्ट झोपतं.

थर्मामीटर थेट वॉशमध्ये बुडवा, बाहेरच्या चिकटपट्टीवर विश्वास ठेवू नका. २० च्या खाली असेल तर बादली लाकडी फळीवर किंवा जुन्या योगा मॅटवर उचला, जुनी गोधडी गुंडाळा, आणि निर्जंतुक केलेल्या लांब चमच्याने तळाचं यीस्ट एकदा हलकेच ढवळून वर आणा. हळूहळू २८ ते ३० वर न्या. गार बादलीत उकळतं पाणी ओतणारे मी पाहिलेत. जिथे धार पडते तिथलं यीस्ट मरतं.

उलटा प्रकारही होतो. हीटिंग बेल्ट (बादलीला गुंडाळायचा विजेचा पट्टा) चालू, वर गोधडी, आणि आंबवणाची स्वतःची उष्णता. आतला पारा ३८ च्या पुढे गेला की यीस्टचे हाल सुरू होतात, ४० च्या वर ते मरायला लागतं. तसं झालं असेल तर गरम करणं हा उपाय नाही. गार करून, खाली सांगितलेल्या पद्धतीने नवं यीस्ट द्यावं लागेल.

तापमान २५ ते ३२ च्या मध्ये असेल तर पुढे चला.

सामू: दहातल्या सात वेळा दोष इथेच सापडतो

शेतीच्या पुस्तकात पीएचला सामू म्हणतात. आकडा जितका कमी, तितकं आंबट. शेतकऱ्याला माती तपासताना जेवढं त्याचं महत्त्व, तेवढंच इथे.

यीस्टला ४ ते ५ सामू मानवतो. साखर खाताना ते स्वतःच आम्ल बाहेर टाकतं. द्राक्षाच्या रसात किंवा बिअरच्या माल्टमध्ये हे आम्ल झेलणारे घटक भरपूर असतात, म्हणून सामू फार घसरत नाही. पांढऱ्या साखरेत तसं काहीच नसतं. कोंडा थोडं झेलतो, पण ६०० ग्रॅम कोंडा २५ लिटरला किती पुरणार? उरतं पाणी. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यात चुन्याचा अंश असतो, तो बराच वेळ सांभाळून घेतो. आमच्यासारख्यांच्या टाकीत मात्र छपरावरून आलेलं पावसाचं पाणी. त्यात क्षार नाहीतच म्हटलं तरी चालेल. शहरातलं नळाचं पाणीही इकडे बऱ्याच ठिकाणी मऊ असतं. मग सामू सव्वापाचवरून दीड दिवसात ३ च्या खाली येतो आणि यीस्ट ठप्प होतं.

मला हे कळायला तीन हिवाळे लागले. शहरात भाड्याच्या घरात होतो तेव्हा वॉश कधी अडकला नाही. गावाबाहेर आलो आणि एकामागून एक अडकायला लागला. यीस्ट बदललं, साखर बदलली, बादली बदलली. पाण्याचा विचार मनातच आला नाही, कारण प्यायला ते इतकं गोड लागतं!

तपासायचं कसं? बागेच्या किंवा मत्स्यपालनाच्या पट्ट्या घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच ६ च्या खाली दाखवतच नाहीत, मग ३ असो की ५, रंग एकच. वाईन करणाऱ्यांसाठी २.८ ते ४.६ अशा टप्प्याच्या पट्ट्या होमब्रू दुकानात मिळतात. नमुना गाळून, वायू काढून पट्टी बुडवा आणि दिवसाच्या उजेडात रंग जुळवा. कोंड्याच्या पिवळसर पाण्यात रंग जरा फसवतो, म्हणून दोनदा बघा. मीटर असेल तर उत्तम, पण तो आधी ४ च्या द्रावणावर जुळवून घ्या.

३.३ किंवा त्याहून कमी आला तर दोष सापडला.

उपाय स्वस्त आहे: कॅल्शियम कार्बोनेट. होमब्रू दुकानात पूड मिळते. कोंबड्यांसाठी शिंपल्याचा चुरा पोत्याने मिळतो, तोही चालतो. अंड्याची टरफलंही चालतात. ती उकळून, वाळवून, खलबत्त्यात जाडसर कुटून घ्या. एकदा माझ्या हाताशी काहीच नव्हतं तेव्हा बारा अंड्यांच्या टरफलांवर वॉश वाचलाय. मूठभर कुट टाकला की प्रत्येक तुकड्याभोवती बारीक बुडबुड्यांची झालर उठते, तुकडा वर तरंगतो, बुडबुडे सुटले की पुन्हा बुडतो. ते यीस्ट नव्हे, आम्ल आणि चुन्याची झटापट आहे. ती निवली की मोजा.

पूड घेतली तर एका वेळी एकच चहाचा चमचा, तोही थोड्या वॉशमध्ये कालवून. एकदम ओतली तर फेस बादलीबाहेर येतो आणि गराज पुसायला अर्धा तास जातो. ढवळा, अर्धा तास थांबा, मोजा. ४ ते ४.५ आला की बास. शिंपल्याचा चुरा मी आता सुरुवातीलाच जुन्या मोज्यात बांधून, उकळून, तळाशी सोडून ठेवतो. आम्ल वाढेल तसा तो विरघळतो, नाही वाढलं तर तसाच पडून राहतो. त्यामुळे प्रमाण चुकायची भीती नाही.

खाण्याचा चुना मात्र वापरू नका. पानाला लावायचा चुना आणि शिंपला एकाच घरातले वाटतात, पण चुना फार तीव्र असतो. सामू क्षणात ७-८ च्या पार जातो, आणि वॉशमध्ये अमोनियमचं क्षार असेल तर त्यातून अमोनिया सुटतो. असा वॉश तांबं या धातूच्या यंत्रातून गेला तर दारू निळी उतरते. ती निळी दारू प्यायची नाही, टाकूनच द्यायची. खाण्याच्या सोड्यानेही तीच पंचाईत होऊ शकते, शिवाय खारट चव वेगळीच.

मागच्या जुलैत ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला. "दादा, वॉश गार पडलाय. मी अजून दोन पाकिटं यीस्ट टाकलं, तरी ढिम्म."

"पाणी कुठलं वापरलंस?"

"टाकीचं. आम्ही नवीन घरात आलो ना."

"मग यीस्ट राहू दे. घरात अंडी किती आहेत?"

तिला वाटलं मी थट्टा करतोय. संध्याकाळी तिने टरफलं टाकली, सामू २.९ वरून ४.१ वर आला, आणि रात्री दहाला तिने फोन बादलीजवळ धरून मला आवाज ऐकवला. नवीन यीस्टची गरजच नव्हती. जुनं जिवंत होतं, नुसतं आम्लात गुदमरलं होतं. म्हणूनच नवं यीस्ट दोन तास हालचाल करतं आणि थांबतं: त्यालाही तेच आम्ल बाधतं. सामू न मोजता यीस्ट ओतणं म्हणजे पैसे ओतणं.

खाद्य

सामू ठीक आहे, ऊब ठीक आहे, तरी रेंगाळतोय आणि कुजक्या अंड्याचा वास येतोय? मग यीस्ट उपाशी आहे. साखरेत ऊर्जा आहे पण नायट्रोजन, जीवनसत्त्वं काहीच नाहीत. कोंडा त्यासाठीच घालतो आपण. कोंड्याऐवजी मैदा किंवा ओट वापरला, किंवा कोंडा निम्मा केला, तर हेच होतं.

फुकटातला उपाय: जुनं, मुदत संपलेलं बेकरी यीस्ट तीन मोठे चमचे, पेलाभर पाण्यात दहा मिनिटं उकळा, गार करा आणि घाला. मेलेलं यीस्ट हे जिवंत यीस्टचं उत्तम अन्न. होमब्रू दुकानातलं तयार पोषक मिश्रण असेल तर पाकिटावरच्या मापाने.

महाराष्ट्रातल्या छाप्यांच्या बातम्यांत "गूळ-नवसागर मिश्रित रसायन" असं वाचलं असेल. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, आणि त्यातून यीस्टला नायट्रोजन मिळतो. पण बाजारातला नवसागर कल्हईसाठी असतो, खाण्यासाठी नाही. तो घालू नका. खाद्य दर्जाचं डायअमोनियम फॉस्फेट मिळतं ते वेगळं, आणि तेही सुरुवातीलाच घालायचं. अल्कोहोल ९-१० टक्क्यांच्या वर गेलं की यीस्ट ते उचलत नाही. मग ते तसंच उरतं आणि पुढे निळ्या दारूची कहाणी होते. शिवाय अमोनियम खाताना यीस्ट आणखी आम्ल सोडतं. म्हणून खाद्य घातल्यावर दुसऱ्या दिवशी सामू पुन्हा तपासायचा.

साखर जास्त झाली का?

हे पटकन सांगतो. २५ लिटरला ५ ऐवजी ८ किलो साखर घालून "दुप्पट माल" काढायचा मोह होतो. सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.१०० च्या पुढे असेल तर बेकरी यीस्टला ते शेवटपर्यंत झेपत नाही. पाणी घालून पातळ करा, दोन बादल्यांत वाटा. दुसरा मार्ग नाही.

नवं यीस्ट, तेही दमाने

वरचं सगळं नीट केल्यावर २४ तासांत हालचाल नसेल तरच इथे या. सुकं यीस्ट थेट अल्कोहोलात टाकलं तर बरंचसं मरतं. अर्धा लिटर ३५ अंशांचं पाणी, दोन चमचे साखर, २० ग्रॅम यीस्ट. फेस आला की त्यात वॉशचा एक पेला घाला. पुन्हा फेस आला की दोन पेले. असं करत ते भांडं एक-दोन लिटरचं झालं आणि जोरात चाललंय असं दिसलं की बादलीत सोडा. तीन-चार तास लागतात. याला फाटा देऊ नका, पोहायला न येणाऱ्याला थेट खोल पाण्यात ढकलल्यासारखं होतं.

यीस्ट सोडताना जोरात ढवळून हवा मिसळायची वेळ फक्त पहिल्या दिवशी, आंबवण सुरू होण्याआधी असते. अल्कोहोल तयार झाल्यावर हवा मिसळली की व्हिनेगरचे जंतू खूश होतात.

इथे थांबा

पृष्ठभागावर केसाळ बुरशी, ओकारीसारखा वास, किंवा झणझणीत व्हिनेगर झालं असेल तर वाचवायचे प्रयत्न सोडा. थोडी साखरच आहे ती. पातळ पांढरी सुरकुतलेली साय नुकतीच दिसली आणि ग्रॅव्हिटी उतरलेली असेल तर मी तो वापरतो. अर्धवट असेल तर टाकतो.

अर्धवट अडकलेला वॉश "जाऊ दे, एवढाच गाळून घेऊ" म्हणून भांड्यात घालू नका. उरलेली साखर विजेच्या कॉइलवर करपते. कोंडा न गाळता घातला तर फेसाबरोबर वर चढून वाफेची वाट बुजवतो, आणि बंद भांड्यात दाब साचला की स्फोट होतो. वाफ कुठूनही गळताना दिसली तर आधी उष्णता बंद करा, उघडी ज्योत विझवा, बाहेर जा. भांडं दुकानदाराला किंवा वेल्डिंग जाणणाऱ्याला दाखवल्याशिवाय परत लावू नका.

हीटिंग बेल्टची वायर गरम लागते, प्लग काळा पडलाय, ब्रेकर पडतो: नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनला बोलवा. ओल्या फरशीवर स्वतः वायर जोडू नका. गराजमध्ये गेल्यावर डोकं जड होतं, धाप लागते, तर बादली सोडून बाहेर या आणि दारं उघडी टाका.

आणि एक. साखर आणि गव्हाच्या वॉशमध्ये मिथेनॉल नगण्य असतं, ते मुख्यतः फळांतल्या पेक्टिनमधून येतं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरहून जास्त माणसं गेली ती आंबवणातल्या मिथेनॉलने नव्हे, दारूत औद्योगिक मिथेनॉल मिसळल्याने. तेव्हा कुठूनही आलेली, कशाची ते ठाऊक नसलेली बाटली वॉशमध्ये किंवा पेल्यात मिसळू नका. कुणालाही पिल्यानंतर धूसर दिसायला लागलं, पोटात मुरडा आला, श्वास जोरात चालला, तर सकाळची वाट बघू नका. इथे १११, भारतात ११२ किंवा १०८ लावा आणि काय प्यायलं ते खरं सांगा.

टाकलेला वॉश गाळून पाणी मोरीत सोडा. कोंडा कंपोस्टमध्ये जिरतो, पण कोंबड्यांना घालू नका, त्यात अल्कोहोल असतं.